वेबसाइटचा वेग मोजायचा कुठून?

नागपुरातला झीरो माइलचा दगडी खांब ही ब्रिटिशकालीन त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण. त्याचं साल १९०७ दिलं जातं. फोटोत शेजारचे चार घोडेच जास्त भाव खातात, पण खरं काम तिथल्या षट्कोनी दगडाचं. हैदराबाद, रायपूर, जबलपूर अशा शहरांची अंतरं त्यावर मैलांत कोरली आहेत. कुठलंही अंतर सांगायचं तर ते कुठून मोजलं हे आधी ठरवावं लागतं, आणि सर्वेक्षण करणाऱ्यांनी ते ठरवून दगडात पक्कं केलं.

वेबसाइटच्या बाबतीत हे शून्य बहुतेक वेळा चुकीच्या जागी धरलं जातं. समजा, सीताबर्डीत संत्रा बर्फीचं एक दुकान आहे आणि मालकाने ऑनलाइन ऑर्डरसाठी साइट करून घेतली आहे. गिऱ्हाईक तक्रार करतं की साइट लवकर उघडत नाही. मालक स्वतःच्या फोनवर उघडून दाखवतो आणि म्हणतो, ‘‘भाऊ, माझ्याकडे तर फटकन उघडते.’’ तो खोटं बोलत नाही. दुकानात फायबरचं वायफाय आहे, हातातला फोन यंदाचा आहे आणि साइट त्याने आजवर इतक्यांदा उघडली आहे की तिचे फोटो, फॉन्ट, सगळं त्याच्या फोनने आधीच साठवून ठेवलेलं आहे. गिऱ्हाईक मात्र दूर गडचिरोलीतल्या एटापल्लीत तीन-चार वर्षांपूर्वीचा स्वस्त अँड्रॉइड घेऊन बसलं आहे आणि साइट आयुष्यात पहिल्यांदा उघडतं आहे. वेगाचं शून्य त्याच्या फोनवर आहे, दुकानाच्या गल्ल्यावर नाही.

तिथून मोजायला निघालं की आधी काय दिसतं? लिंकवर बोट ठेवलं की फोन प्रथम डीएनएसला विचारतो, या नावाचा पत्ता कोणता. पत्ता मिळाला की त्या सर्व्हरकडे जोडणी मागतो आणि होकाराची वाट पाहतो. मग दोघांत सांकेतिक किल्ल्या ठरतात, कारण पत्ता एचटीटीपीएसचा आहे. टीएलएस या पद्धतीच्या २०१८ साली आलेल्या १.३ आवृत्तीत त्याला एक फेरी लागते, जुन्या १.२ मध्ये दोन लागायच्या. एवढं झाल्यावर फोन म्हणतो, ‘आता मुखपृष्ठ पाठव’, ही आणखी एक फेरी. म्हणजे पानाचं पहिलं अक्षर येण्याआधी निदान चार फेऱ्या. मोबाइल नेटवर्कवर एका फेरीला १५० मिलिसेकंद लागत असतील, तर ६०० मिलिसेकंद नुसत्या जाण्यायेण्यात गेले. सर्व्हरने पान तयार करायला घेतलेला वेळ यात धरलेलाच नाही. २०२२ साली प्रमाण झालेल्या एचटीटीपी-३ मध्ये जोडणी आणि किल्ल्या यांची एकच फेरी होते. तेवढ्यासाठीही होस्टिंगवाल्याकडे त्याची चौकशी करायला हरकत नाही.

पुढचा प्रकार फारसा कुणाला ठाऊक नसतो. जोडणी झाल्याबरोबर सर्व्हर सगळं पान एका दमात पाठवत नाही. पलीकडची वाट किती रुंद आहे हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो साधारण १० पॅकेट, म्हणजे १४ केबीच्या आसपास माल पाठवतो. पोच आली की पुढच्या खेपेला दुप्पट पाठवतो. फोनवर ‘५जी’ लिहिलेलं असलं तरी सुरुवातीच्या या खेपा चुकत नाहीत. छोट्या पानांच्या बाबतीत म्हणूनच नेटचा ‘स्पीड’, म्हणजे सेकंदाला किती एमबी, यापेक्षा फेरीला लागणारा वेळ महत्त्वाचा ठरतो. रिचार्ज मोठा मारून तो कमी होत नाही.

फेरीचा वेळ अंतरावर अवलंबून असतो आणि अंतराला पळवाट नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन येऊन चौदाशे, म्हणजे निव्वळ प्रकाशाचे ७ मिलिसेकंद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा व्हर्जिनिया इथून सुमारे १३ हजार किलोमीटर आहे. तिथली एक फेरी कितीही केलं तरी १३० मिलिसेकंदांच्या आत बसत नाही. केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या वर धरावं. त्याला चारने गुणा. स्वस्तातला परदेशी सर्व्हर घेतलेल्या कितीतरी मराठी साइटी पहिलं अक्षर दिसण्याआधीच जवळजवळ सेकंद घालवतात, तो इथे. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत आपली डेटा सेंटर सुरू केली. नागपूरला हैदराबाद तर मुंबईहूनही जवळ. गिऱ्हाईक विदर्भातलं असेल तर सर्व्हर परदेशात ठेवायचं आज काही कारण उरलेलं नाही.

याहून जवळ यायचं तर सीडीएन. साइटच्या न बदलणाऱ्या वस्तूंच्या, म्हणजे फोटो, फॉन्ट, स्टाइलच्या फायलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाला जवळची प्रत द्यायची, एवढीच ती कल्पना. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या शहरांच्या यादीत नागपूरही आहे. पण नागपूरच्या फोनला नागपूरचीच प्रत मिळेल असं धरून चालू नये. त्या फोनची इंटरनेट कंपनी क्लाउडफ्लेअरला कुठे जोडली आहे, यावर ते ठरतं. ते तपासता येतं आणि नागपूरकरांना तपासायला मजा येईल. क्लाउडफ्लेअरवर असलेली कुठलीही साइट लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये उघडा, डेव्हलपर टूल्समधल्या ‘नेटवर्क’ टॅबवर जा, पान पुन्हा लोड करा आणि पहिल्या ओळीच्या उत्तरातलं ‘सीएफ-रे’ हे शीर्षक पाहा. त्याच्या शेवटी विमानतळाची तीन अक्षरं असतात. एन-ए-जी दिसलं तर प्रत आपल्याच शहरातून आली, बी-ओ-एम दिसलं तर मुंबईहून. घरातलं वायफाय आणि मोबाइल डेटा यांची अक्षरं वेगळी निघू शकतात.

आता मोजमापाकडे. ‘साइट किती सेकंदांत उघडते’ हा प्रश्नच थोडा ढिला आहे, कारण ‘उघडली’ म्हणजे काय हे त्यात ठरलेलं नाही. पांढरा पडदा गेला तेव्हा? बर्फीचा फोटो दिसला तेव्हा? ऑर्डरचं बटण चालू लागलं तेव्हा? गूगलने २०२० साली यातून तीन मापं निवडली आणि त्यांना ‘कोअर वेब व्हायटल्स’ म्हटलं. पहिलं एलसीपी, म्हणजे पानावरची सर्वांत मोठी वस्तू, बहुधा वरचा मोठा फोटो किंवा मथळा, दिसायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत हवा, ४ च्या पुढे गेला की वाईट. दुसरं आयएनपी. बोटाने काही दाबल्यावर पडद्यावर प्रतिसाद दिसायला किती वेळ लागला, याचं ते माप. २०० मिलिसेकंदांच्या आत चांगलं, ५०० च्या पुढे वाईट. हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या एफआयडीच्या जागी आलं. जुनं माप फक्त पहिल्या स्पर्शाचा आणि तोही अर्धाच हिशोब करायचं, त्यामुळे जवळपास सगळेच त्यात पास व्हायचे. तिसरं सीएलएस: वाचता वाचता मजकूर किती उड्या मारतो. याला सेकंद नाहीत, नुसता आकडा असतो. ०.१ च्या आत ठीक.

हे उंबरठे हवेतून आलेले नाहीत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ सालीच सांगून ठेवलं होतं की ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. त्यांचाही आधार १९६८ सालच्या अभ्यासाचा. फोन बदलले, माणसाचा धीर तोच आहे.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाची: या मापांत सरासरी धरत नाहीत. शंभर भेटी वेगाच्या क्रमाने लावल्या तर पंचाहत्तराव्या भेटीचा आकडा धरतात. पुण्या-मुंबईच्या महागड्या फोनवरच्या भेटी एका सेकंदात झाल्या आणि गडचिरोली-गोंदियाच्या सहा सेकंदांत, तर सरासरी दोघांनाही झाकून टाकते. पंचाहत्तरावा क्रमांक मागे राहिलेल्यांची दखल घ्यायला भाग पाडतो.

मोजायची सोपी जागा म्हणजे गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स. पत्ता टाकला की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. वर असतो खऱ्या भेटींचा हिशोब: क्रोम वापरणाऱ्या लोकांच्या मागच्या २८ दिवसांच्या नोंदी. खाली असते लाइटहाउसची चाचणी. त्यात गूगलचा एक संगणक स्वस्त फोनचं सोंग घेतो, नेट मुद्दाम सेकंदाला १.६ मेगाबिटपर्यंत आवळतो, फेरी १५० मिलिसेकंदांची धरतो, प्रोसेसर चौपट मंद करतो आणि मग शंभरपैकी गुण देतो. वरचा भाग म्हणजे गिऱ्हाईक, खालचा भाग म्हणजे प्रयोगशाळा. प्रयोगशाळा कारण शोधायला चांगली, निकाल सांगायला नाही. दुकानाचे मालक मात्र हिरव्या शंभराच्या मागे लागतात आणि ‘१०० गुणांची हमी’ विकणारेही शहरोशहरी भेटतात. त्या गुणांत आयएनपी नसतोच. त्याच्या जागी पडदा किती वेळ अडून राहिला, या अंदाजाला ३० टक्के वजन आहे. शंभर गुणांच्या साइटवरही खरं गिऱ्हाईक वैतागू शकतं, आणि ७० गुणांची साइट तिन्ही मापांत पास असू शकते.

छोट्या दुकानाच्या बाबतीत वरचा भाग रिकामा येण्याची शक्यता मोठी, कारण पुरेशा भेटीच नसतात. शिवाय आयफोनवाले त्यात धरले जात नाहीत. मग उपाय साधा: एखाद्याचा जुना अँड्रॉइड मागून घ्या, वायफाय बंद करा, इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि साइट उघडून पाहा. लॅपटॉपवर असाल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क ‘स्लो ४जी’ आणि प्रोसेसर चौपट मंद करता येतो. वेबपेजटेस्टवर मुंबईतून चाचणी घेता येते. एकदा मोजून आकडा धरू नका. चार-पाचदा घ्या आणि मधला आकडा ठेवा.

मोजून झालं की बहुतेक साइटींत पहिला दोषी एकच निघतो, फोटो. बर्फीच्या ताटाचा फोटो मालकाने फोनने काढलेला असतो, चार हजार पिक्सेल रुंद, चार एमबीचा, आणि तसाच चढवलेला असतो. पाहणाऱ्याच्या फोनचा पडदा हजार-अकराशे पिक्सेलांचा. बाकीचे पिक्सेल डाउनलोड होतात आणि फेकले जातात. हिशोब करा: चार एमबी म्हणजे ३२ मेगाबिट, लाइटहाउसच्या त्या १.६ मेगाबिटच्या नेटवर २० सेकंद. तोच फोटो हजार पिक्सेलांवर आणून वेबपी या हलक्या प्रकारात साठवला तर शंभर केबीत सहज बसतो आणि अर्ध्या सेकंदात येतो. बर्फी तेवढीच केशरी दिसते. दुसरं काहीही न करता एवढंच केलं तरी अर्धी तक्रार संपते, असं मी बिनधास्त सांगेन.

फोटोच्या बाबतीत एक खोच आहे. खालचे फोटो गिऱ्हाईक तिथवर सरकल्यावरच आणावेत, याला ‘लेझी लोडिंग’ म्हणतात आणि ती चांगली सोय आहे. पण सगळ्यांत वरच्या मोठ्या फोटोलाही तीच खूण लावली की ब्राउझर तो आणायला उशीर करतो आणि एलसीपी बिघडतो. वर्डप्रेसने ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आवृत्तीत सगळ्या फोटोंना ही खूण आपोआप लावायला सुरुवात केली. हा तोटा लक्षात आल्यावर जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये पहिल्या फोटोला सूट दिली आणि २०२३ च्या ६.३ पासून वरच्या फोटोला प्राधान्याची खूणही लावायला घेतली. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइटी वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे अपडेट पुढे ढकलत बसलेल्यांनी निदान यासाठी तरी ते करून घ्यावं. मोठ्या फोटोंचे सरकते स्लायडर मात्र कुठल्याच अपडेटने सुधारत नाहीत. पाच फोटोंतला पहिलाच लोक पाहतात, बाकीचे चार काढून टाका.

आता एक बाब जी इंग्रजीतले मार्गदर्शक सांगत नाहीत, कारण त्यांना ती अडचण नाही: देवनागरी. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘नागपूर’ हे रोमनमध्ये ६ बाइट, आपल्याकडे १८. ऐकून काळजी वाटते, पण इथे फारसं बिघडत नाही. देवनागरीच्या सगळ्या चिन्हांचा पहिला बाइट सारखाच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. जीझिप किंवा ब्रॉटली अशा आवळणाऱ्या पद्धतींना अशी पुनरावृत्ती फार आवडते. सर्व्हरवर त्यांतली एखादी चालू आहे ना, एवढं पाहिलं की मजकुराचा प्रश्न मिटतो. लांबलचक मराठी लेखही मग एका लहानशा फोटोपेक्षा हलका भरतो.

खरं वजन फॉन्टचं. इंग्रजीला शंभर-दोनशे आकार पुरतात. देवनागरीला जोडाक्षरं, रफार, अर्धी रूपं, मात्रांच्या वेगवेगळ्या जागा, असे शेकडो आकार लागतात आणि कुठला कधी वापरायचा याचे नियमही फाइलीतच भरलेले असतात. त्यामुळे चांगल्या देवनागरी फॉन्टची एका जाडीची फाइल इंग्रजीच्या कित्येक पट होते. साइट बनवणारा मुक्तासारखा सुरेख फॉन्ट निवडतो, मुंबईच्या एक टाइपने केलेला, आणि त्याच्या सातही जाड्या घेऊन टाकतो. वापरात असतात दोन. इंग्रजीसारखी फाइल तोडून ‘हवी तेवढीच अक्षरं’ आणण्याची युक्तीही इथे फार चालत नाही, कारण ‘क्ष’ किंवा ‘र्त्य’ तयार व्हायला त्याचे सगळे भाग एकाच फाइलीत हवे असतात. म्हणून नियमित आणि ठळक, या दोनच जाड्या घ्याव्यात, त्या वॉफ-२ या आवळलेल्या प्रकारात असाव्यात आणि फाइल स्वतःच्याच सर्व्हरवरून द्यावी. पूर्वी गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट घेण्यात एक फायदा होता. दुसऱ्या साइटवर तो आधीच उतरलेला असेल तर पुन्हा उतरावा लागत नसे. २०२० च्या अखेरीपासून क्रोम प्रत्येक साइटचा साठा वेगळा ठेवतो, त्यामुळे तो फायदा संपला. आता तिकडे जाणं म्हणजे वर सांगितलेल्या फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून.

फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर काय करतो हेही ठरवावं लागतं. काही न सांगितलं तर क्रोम तीन सेकंदांपर्यंत मजकूर अदृश्य ठेवतो. वाचक कोऱ्या चौकटीकडे पाहत बसतो आणि म्हणतो, नेट गेलं वाटतं. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ दिलं की फोनमधला तयार फॉन्ट लगेच दिसतो आणि आपला आला की जागा बदलतो. पण या बदलात देवनागरीची एक खोड उघडी पडते. प्रत्येक फॉन्टची शिरोरेघेच्या वरची आणि उकाराच्या खालची उंची वेगळी असते, म्हणून अदलाबदल होताना ओळी वरखाली होतात आणि सीएलएस वाढतो. सीएसएसमध्ये पर्यायी फॉन्टची उंची आणि आकार जुळवून घ्यायची सोय आहे, ती वापरावी. नाहीतर सगळ्यांत सोपा मार्ग: वेगळा फॉन्ट आणूच नये. अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी असतो, विंडोजमध्ये निर्मला, ॲपलच्या फोनमध्ये कोहिनूर. तिन्ही वाचायला स्वच्छ आणि डाउनलोड शून्य. बातम्यांच्या, सरकारी किंवा दुकानाच्या साइटला एवढं पुरेसं आहे. सुलेखनाचा सोस मथळ्याच्या लोगोत भागवता येतो.

यानंतर जावास्क्रिप्ट, म्हणजे आयएनपीचा शत्रू. ब्राउझरमध्ये पानाची बहुतेक कामं एकाच धाग्यावर चालतात. एकच खिडकी असलेल्या तिकीटघरासारखं ते असतं. पुढचा माणूस लांबलचक फॉर्म भरत बसला की मागच्याला नुसते सुट्टे हवे असले तरी थांबावं लागतं. ‘कार्टमध्ये टाका’ दाबलं, पण खिडकीवर चॅटचा बुडबुडा, जाहिरातीचा पिक्सेल, ‘आता गडचिरोलीतून कुणीतरी खरेदी केली’ अशा खोट्या सूचना आणि सणाचा पॉपअप यांची कामं चालली आहेत. ५० मिलिसेकंदांपेक्षा लांब काम म्हणजे अडथळा. नव्या आयफोनवर जे काम ४० मिलिसेकंदांत होतं, ते स्वस्त फोनवर २०० घेतं. नेट कितीही वेगवान असो, हा वेळ वाचत नाही, कारण तो फोनच्या डोक्यात खर्च होतो. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दाबतं आणि कार्टमध्ये दोन डबे पडतात.

इथे तंत्रज्ञापेक्षा मालकाने बसायला हवं. प्रत्येक बाहेरच्या स्क्रिप्टसमोर एकच प्रश्न लिहायचा: हे कुणी, कशासाठी लावलं? निम्म्यांचं उत्तर मिळत नाही. मागच्या वर्षीच्या जाहिरात मोहिमेचे पिक्सेल अजून धावत असतात. जे ठेवायचं ते पान दिसल्यानंतर सुरू होईल असं करा, चॅट तर बटण दाबल्यावरच उतरवावा. बस तिकिटं विकणाऱ्या बेंगळुरूच्या रेडबसने आयएनपीवर काम केलं आणि विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी गूगलच्या वेब.डेव्हवर मांडलं आहे. दुकानदाराला हा आकडा हिरव्या गुणांपेक्षा लवकर कळतो.

उड्या मारणाऱ्या मजकुराचं औषध स्वस्त आहे. फोटोला रुंदी-उंची लिहा, जाहिरातीसाठी जागा आधीच राखून ठेवा, वरून सरकत येणाऱ्या पट्ट्या काढा. इकॉनॉमिक टाइम्सने हेच केलं. जाहिरात येवो न येवो, तिची चौकट आधीपासून मोकळी ठेवली, आणि सीएलएस ०.२५ वरून ०.०९ वर आणला. सोबत एलसीपी ४.५ सेकंदांवरून २.५ वर आला आणि पान पाहताच परत जाणाऱ्यांचं प्रमाण ४३ टक्क्यांनी सुधारलं. मराठी बातम्यांच्या कित्येक साइटींवर आजही मथळ्यावर बोट ठेवावं तर ऐनवेळी जाहिरात घुसते आणि बोट तिच्यावर पडतं. काहींना तसंच हवं असतं की काय, अशी शंका येते.

राहिला सर्व्हर. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हा विषय घरोघरी कळतो. एकट्या नागपूर विभागीय मंडळात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे. राज्यात अशी नऊ मंडळं आणि दुपारी एकच्या ठोक्याला सगळे एकदम येतात. अशा वेळी फोटो लहान आहेत की मोठे याला अर्थ नसतो. प्रत्येक विनंतीला डेटाबेस उघडून पान नव्याने रचायचं म्हटलं तर रांग लागणारच. पण निकाल एकदा लागला की बदलत नाही. मग प्रत्येक आसन क्रमांकाचं पान आदल्या रात्रीच तयार करून ठेवता येतं आणि वेळ झाली की ते नुसतं उचलून द्यायचं. बर्फीच्या साइटलाही तत्त्व तेच लागू पडतं: भाव दिवसातून एकदा बदलतात, तर प्रत्येक भेटीला पान नव्याने का शिजवायचं? वर्डप्रेसवर पेज कॅशचं एक साधं प्लगइन हे काम करतं. एकच ठेवा, दोन कॅश प्लगइन एकमेकांशी भांडतात. पहिला बाइट ८०० मिलिसेकंदांच्या आत येतो का, एवढं पाहा. कॅश लावूनही येत नसेल तर होस्टिंग बदलायची वेळ आली.

कामाचा क्रम मी असाच लावेन: आधी फोटो, मग नको त्या स्क्रिप्ट काढणं, मग कॅश, मग फॉन्ट, आणि सर्व्हरची जागा शेवटी, कारण ती हलवायला सगळ्यांत जास्त कटकट. सर्व्हर अमेरिकेत असेल तर मात्र तो थेट पहिल्या नंबरवर. प्रत्येक बदलानंतर मोजा आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला हे कळत नाही.

खऱ्या भेटींचा आकडा मात्र लगेच हलत नाही. त्यात मागच्या २८ दिवसांच्या भेटी असतात, त्यामुळे बदलानंतर पहिल्या आठवड्यात जुन्या मंद भेटीच जास्त दिसतात आणि लोक हात टेकतात. बर्फीचा धंदा दिवाळीचा. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण महिना जातो, म्हणजे घट बसतील त्या दिवशी नवी साइट चालू झाली तर दिवाळीच्या तोंडावर आकड्यात फक्त तिच्याच भेटी उरतात. एक लक्षात ठेवायचं: दिवाळीत पहिल्यांदाच येणारे जास्त असतात, त्यांच्या फोनमध्ये काहीच साठवलेलं नसतं, म्हणून त्या दिवसांत एलसीपी थोडा वर सरकला तरी घाबरून नव्या बदलांना हात घालू नये.